चेकर म्हणाला ‘चूक’, डबा मात्र तिथंच होता

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसवर लपवलेले डबे शोधण्याचा खेळ. त्यात काकांनी कोड्यामागे एक डबा लपवला होता आणि सोबत चेकर, म्हणजे उत्तर तपासून देणारी साइट, दिली होती. त्यावर त्यांना आलेला निरोप थोडक्यात असा होता: डबा सापडला, वहीत सही केली, जागा छान निवडली आहे, फक्त तुमचा चेकर बिघडलाय, एकदा बघून घ्या. पाठवणारा जिओकॅशिंगमधला जुना गडी होता. कोडं सोडवून आलेल्या कोऑर्डिनेटवर (अक्षांश-रेखांशावर) गेला, नेच्याच्या जाळीत हात घालून डबा काढला आणि घरी आल्यावर सहज म्हणून तेच आकडे चेकरमध्ये टाकले. लाल अक्षरांत उत्तर आलं: चूक.

काकांचा पहिला संशय माणसावर गेला. “अरे, याला कुणीतरी जागा सांगितली असणार. आकडे चुकीचे आणि डबा बरोबर सापडतो, हे कसं काय?” चेकर तर ठणठणीत होता, खरं उत्तर टाकलं की हिरवा होत होता. मग त्या गृहस्थांनी नेमके कोणते आकडे टाकले होते ते आम्ही विचारून घेतलं आणि मी कागदावर अंतर मांडलं. तिथून पुढे हे प्रकरण उलगडत गेलं. काकांनी तो डबा आता उचलला आहे आणि साइटवरचं त्याचं पान बंद केलं आहे, म्हणून उत्तरासकट सगळं लिहायला हरकत नाही. तरी शेवटचे तीन-तीन आकडेच देतो, त्यापलीकडे कुणाला गरज नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेनं २ मे २००० रोजी जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि साध्या माणसाच्या हातातलं यंत्र एकदम कामाचं झालं. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर यांनी एक बादली लपवून तिचे कोऑर्डिनेट इंटरनेटवर टाकले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं. त्याचं मुख्यालय सिएटलमध्ये आहे. डबा शोधायचा, वहीत सही करायची, डबा होता तसा ठेवायचा, घरी येऊन नोंद करायची, इतकाच खेळ. त्यातला एक प्रकार म्हणजे मिस्टरी कॅश, नकाशावर निळं प्रश्नचिन्ह असलेला. त्या चिन्हाच्या जागी काहीही नसतं. आधी कोडं सोडवायचं, त्यातून खरे कोऑर्डिनेट मिळतात, आणि ती जागा सहसा त्या चिन्हापासून ३.२ किलोमीटरच्या आत असते.

चेकर लागतो तो इथं. उत्तर काढलं, पण ते बरोबर आहे की नाही हे डबा सापडेपर्यंत कळत नाही, आणि डबा सापडला नाही तर आपलं उत्तर चुकलं, डबा चोरीला गेला की आपलीच नजर कमी पडली, हेही कळत नाही. म्हणून मालक पानावर चेकरचा दुवा देतो. आपण आकडे टाकायचे; तो फक्त बरोबर किंवा चूक सांगतो, खरं उत्तर उघड करत नाही. जिओचेकर, जिओचेक, सर्टिट्यूड अशा स्वतंत्र साइट आहेत. पुढे जिओकॅशिंग डॉट कॉमनंही आपला स्वतःचा चेकर दिला. तिथं उत्तर जुळलं की नवे कोऑर्डिनेट आपल्या खात्यात बसतात आणि नकाशावरच्या प्रश्नचिन्हाचा कोड्याचा तुकडा होतो. सर्टिट्यूडमध्ये कोऑर्डिनेटऐवजी शब्दही तपासता येतो. कुणी यंत्रानं आकडे ओतत बसू नये म्हणून थोड्या वेळात ठरावीकच प्रयत्न करू देण्याची पद्धत आहे.

कोडं असं होतं

काका निवृत्त शिक्षक, बरीच वर्षं सिएटलजवळच्या रेडमंडला राहतात, संस्कृतची आवड. त्यांनी कोडं भूतसंख्येवर बेतलं. जुने गणिती श्लोकात आकडे बसवताना आकड्याऐवजी शब्द घालत: चंद्र म्हणजे १, नेत्र २, अग्नी ३, वेद ४, बाण ५, रस ६. आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे. अङ्कानां वामतो गतिः, हे सूत्र ज्यानं शाळेत संस्कृत घेतलं त्याच्या कानावरून गेलेलं असतं.

पानावर रोमन लिपीत दोन ओळी होत्या. उत्तरेसाठी ‘रस, वेद, नेत्र’ आणि पश्चिमेसाठी ‘समुद्र, नंद, चंद्र’. अंश आणि पूर्ण मिनिटं उघड दिलेली. मिनिटांच्या दशांश चिन्हापुढचे तीन-तीन आकडे शोधायचे. उलट वाचलं की नेत्र-वेद-रस म्हणजे २४६ आणि चंद्र-नंद-समुद्र म्हणजे १९४. पानावर यापलीकडे काही मदत नव्हती. काकांना ते तसंच सुटसुटीत हवं होतं, आणि कोडं म्हणून ते मला आजही देखणं वाटतं.

डबा समामिश नदीच्या काठाकाठानं जाणाऱ्या पायवाटेपासून थोडा आत, एका मोठ्या सीडरच्या बुंध्याशी, नेच्याच्या झुडपांत होता. झाकणाला चार बाजूंनी कड्या असलेला प्लास्टिकचा डबा, आत झिपच्या पिशवीत वही आणि बुटकी पेन्सिल. चेकर त्यांनी असा निवडला की मालकाला चुकलेले प्रयत्नही बघता यावेत. या निवडीमुळेच पुढचं सगळं आम्हाला दिसलं.

कोण कुठं अडलं

शब्दांना एकच अर्थ असता तर प्रश्न आला नसता. पण रस सहा तसे नऊही. आयुर्वेदातले षड्रस धरले तर सहा, नाट्यशास्त्राच्या परंपरेतले नवरस धरले तर नऊ. समुद्र चार, पण सप्तसमुद्रही आपल्याकडे तितकेच ओळखीचे. भूतसंख्येच्या रूढ वापरात रस सहा आणि समुद्र चार, तरी कोष्टकांत दुसरे अर्थही दिलेले सापडतात. म्हणजे दिशा दोन, रसाचे अर्थ दोन, समुद्राचे दोन. दोन्ही ओळी एकाच दिशेनं वाचायच्या असं धरलं तरी आठ उत्तरं तयार होतात.

पहिलं एक निवृत्त जोडपं. त्यांनी पद्धत ओळखली, दिशाही अचूक ओळखली, फक्त रसाला नऊ धरले. नृत्य शिकणाऱ्या नातीकडून त्यांना नवरस माहीत होते. २४९ आणि १९४ टाकलं, लाल. आता त्यांनी काय करावं? त्यांनी दिशेवर संशय घेतला. सुलट वाचून ९४२ आणि ४९१ टाकलं, लाल. मग रसाला सहा धरून पाहिलं, पण दिशा आता सुलटच राहिली होती, म्हणून ६४२ आणि ४९१, पुन्हा लाल. तिथं त्यांनी सोडून दिलं आणि काकांना लिहिलं की आम्ही बहुतेक मुळातच वेगळ्या वाटेनं गेलो आहोत. चुकलेल्या प्रयत्नांच्या यादीत या तीन ओळी एकाखाली एक वाचताना मला फार वाईट वाटलं. पहिल्या प्रयत्नात ते डब्यापासून साडेपाच मीटरवर होते.

दुसरा एक तरुण मुलगा. त्यानं भूतसंख्या ओळखली, प्रत्येक शब्दाचे सगळे अर्थ मांडले, दोन्ही दिशा धरल्या, स्प्रेडशीटमध्ये यादी केली आणि चेकरमध्ये एकेक टाकत गेला. हिरवं झालं तसा निघाला आणि वहीच्या पहिल्या पानावर पहिली सही त्याची. एफटीएफ, म्हणजे सगळ्यात आधी शोधल्याचा मान, त्याचा. काका यावर चिडले. “त्यानं सोडवलं कुठं? नुसता ठोकत बसला!” नोंद काढून टाकावी असंही त्यांच्या मनात आलं होतं. तसं करता येत नाही. वहीत सही असेल तर शोध मान्य करावा लागतो. मालकानं त्यावर जास्तीच्या अटी घालणं २००९ पासून बंद आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी मी त्या मुलाच्या बाजूनं आहे, त्याचं कारण पुढे येईल.

तिसरे ते निरोप पाठवणारे जुने गडी. त्यांनी रस नऊ आणि समुद्र सात धरले, दिशा मात्र बरोबर पकडली. २४९ आणि १९७. चेकर आधी वापरायचा नाही ही त्यांची सवय. ते सरळ गेले आणि डबा घेऊन आले.

कागदावरचं अंतर

अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर, पृथ्वीवर कुठंही. रेखांशाचा मात्र जागेवर ठरतो. मुंबईच्या अक्षांशावर तो सुमारे १.७५ मीटर, रेडमंडला वर उत्तरेकडे सरकल्यामुळे १.२५ मीटरच्या आसपास. रस सहाऐवजी नऊ धरला आणि उलट वाचलं तर २४६ चं २४९ होतं. तीन हजारांश म्हणजे साडेपाच मीटर. समुद्र चारऐवजी सात, म्हणजे १९४ चं १९७: पावणेचार मीटर. दोन्ही चुका एकदम केल्या तरी तिरकस अंतर पावणेसात मीटर. उंच सीडरखाली फोनचा जीपीएसच तेवढा इकडेतिकडे होतो. अनुभवी माणूस तिथं पोचला की आकडे बघतच नाही. बुंधा, मुळं, दबलेला नेचा बघतो.

याउलट दिशा चुकली की काय होतं? २४६ ऐवजी ६४२ म्हणजे उत्तरेला सातशे तीस मीटरहून जास्त, १९४ ऐवजी ४९१ म्हणजे पश्चिमेला तीनशे सत्तर. मूळ जागेपासून ८२० मीटर. आणि सुलट वाचलेल्या चार उत्तरांतलं ते सगळ्यात जवळचं. सगळ्यात लांबचं ९४२ आणि ७९१, जवळजवळ दीड किलोमीटरवर. ती चारही ठिकाणं मी उपग्रहाच्या चित्रात बघितली. एक तर एका घराच्या मागच्या अंगणात येत होतं, कुंपणाच्या आत.

म्हणजे आठ उत्तरांपैकी चार एकाच झाडाखाली आणि चार दूर वस्तीत. पण चेकरच्या लेखी एक उत्तर बरोबर आणि सात चूक. झाडापासून साडेपाच मीटरवर असलेल्या जोडप्याला आणि दीड किलोमीटर लांब लोकांच्या अंगणात उभ्या राहणाऱ्याला तो एकच शब्द सांगत होता. त्या शब्दानं जोडप्याला त्यांचा बरोबर असलेला भाग सोडायला लावलं. नकारात माहिती नसते असं आपल्याला वाटतं, पण माणूस त्यातून माहिती काढतोच, आणि बहुतेक वेळा जो भाग त्याला सगळ्यात नवा वाटतो त्यावरच संशय घेतो. त्या जोडप्याला उलट वाचणं नवं होतं. नवरसांची त्यांना खात्री होती, कारण ते नातीनं सांगितले होते.

चेकर काढून टाकावा का?

काकांचं पहिलं म्हणणं तेच होतं. चेकर नसता तर मुलानं ठोकाठोकी केली नसती आणि म्हाताऱ्या जोडप्याचा धीर सुटला नसता. मी ठाम विरोध केला, त्या अंगणामुळे. चेकर नसेल तर सुलट वाचणारा प्रत्येक माणूस ते कुंपण बघायला जाणार. कुणी कुंपणाबाहेर थांबेल, कुणी आत वाकेल. घरमालक पोलिसांना फोन करेल आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. जंगलातल्या जागेचंही तेच. चुकीच्या ठिकाणी डबा नसतो, म्हणून शोध लवकर संपत नाही. माणूस तासभर नेचे तुडवतो, ओंडके उलटे करतो. लाल अक्षरांचा सगळ्यात मोठा उपयोग घरी बसलेल्याला होत नाही, ज्या जमिनीवर तो गेला नाही त्या जमिनीला होतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि चेकरवर वाद होतात तेव्हा हे क्वचितच कुणी बोलतं.

ठोकाठोकीबद्दल मी काकांना साधा हिशेब दाखवला. काहीच न कळता ठोकायचं तर तीन-तीन आकड्यांच्या दहा लाख जोड्या होतात. चेकर मिनिटाला सरासरी एक प्रयत्न करू देतो असं धरलं, तरी रात्रंदिवस बसून जवळजवळ दोन वर्षं. त्या मुलानं दहा लाखांचे आठ-सोळा केले. ते कशाच्या जोरावर? भूतसंख्या ओळखल्याच्या, प्रत्येक शब्दाचे अर्थ शोधल्याच्या, दिशेची शंका आल्याच्या जोरावर. उरलेल्या शंकांपैकी कुठली खरी हे ठरवायला पानावर काही साधनच नव्हतं. मग त्यानं चेकरला विचारलं. कोड्यानं जे सांगायला हवं होतं ते त्याला चेकरकडून घ्यावं लागलं, ही उणीव कोड्याची होती. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “परीक्षेत प्रश्न दोन अर्थांचा असला तर मी दोन्ही उत्तरांना गुण देत असे.” त्यानंतर नोंद काढण्याचा विषय निघाला नाही.

काय बदललं

एक सोपी वाट होती: चेकरची सूट वाढवायची. काही चेकरमध्ये किती मीटरपर्यंतचं उत्तर बरोबर मानायचं ते मालकाला ठरवता येतं. दहा मीटर सूट दिली असती तर झाडाखालची चारही उत्तरं हिरवी झाली असती. काकांना ते मुळीच पटलं नाही. नवरस धरणाऱ्याला बरोबर म्हणायचं म्हणजे शिकवण्यातच चूक. माझं मत उलट होतं: चेकरनं पाय कुठं पडणार याची हमी द्यावी, श्लोकाचा अर्थ बरोबर लावला का हे दुसऱ्या कशानं तरी तपासावं. या मुद्द्यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पण अर्थाची तपासणी पानावरच आणायची, हे दोघांनाही मान्य होतं.

त्यासाठी दोन ओळी वाढवल्या. पहिली: सहा आकड्यांची बेरीज २६. २, ४, ६ आणि १, ९, ४ ची बेरीज २६ येते. रस नऊ धरला तर २९, समुद्र सात धरला तरी २९, दोन्ही धरले तर ३२. म्हणजे शब्दांचा अर्थ पक्का होतो. पण बेरीज दिशा सांगत नाही, उलट वाचा की सुलट, ती २६ च राहते. दिशेसाठी काहीतरी वेगळं हवं होतं, आणि ते काकांनी शोधलं त्याचं मला मनापासून कौतुक आहे.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत वर्तुळाचा परीघ काढण्याचा नियम आहे: व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः. भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३. ख म्हणजे आकाश ०, बाण ५, सूर्य १२. उलट वाचलं की ३९२७ आणि १२५०. व्यासाला पहिल्यानं गुणा, दुसऱ्यानं भागा, परीघ मिळतो, भागाकार ३.१४१६. काकांनी पानावर हे सहा शब्द आणि त्यांच्या किमती दिल्या आणि एवढंच लिहिलं की यातून वर्तुळाचा परीघ निघतो. उलट वाचायचं हे कुठंही सांगितलं नाही. सुलट वाचणाऱ्याला २७९३ भागिले ५१२ मिळतं, म्हणजे साडेपाचच्या जवळ. पाय (π) माहीत असलेल्या कुणालाही तिथंच कळतं की दिशा बदलायला हवी. चेकर उघडायच्या आधी, कुणाला न विचारता, माणूस स्वतःच खात्री करून घेतो. नंदही त्याच नियमात येऊन गेल्यामुळे त्याची किंमत वेगळी शोधावी लागत नाही, हा आणखी एक फायदा.

चेकर तसाच ठेवला, सूटही वाढवली नाही. पान बदलल्यावर चुकलेल्या प्रयत्नांच्या यादीचं रूपच पालटलं. २४९ दिसेनासं झालं. उरल्या त्या टायपिंगच्या चुका आणि अंश-मिनिटांऐवजी दशांश अंशांत आकडे टाकणाऱ्यांच्या. निवृत्त जोडप्याला काकांनी स्वतः कळवलं की पानावर नवीन मदत आहे, उत्तर मात्र सांगितलं नाही. काही दिवसांनी वहीत त्यांच्याही सह्या आल्या.

आता काका दुसरं कोडं रचत आहेत, कटपयादीवर. त्यात अक्षरांना किमती असतात, जोडाक्षरात शेवटचं व्यंजनच मोजतात, आणि वाचायचं इथंही उलट. या वेळी त्यांनी सुरुवात चुकीच्या उत्तरांपासून केली आहे: माणूस कुठं कुठं चुकू शकतो त्याची यादी, आणि प्रत्येक चूक नकाशावर कुठं नेते त्याचं टिपण. ‘चक्र’ शब्दाचे २६ होतात. पण क्र मधला र मोजायच्या ऐवजी क मोजला तर १६. अक्षांशाच्या शेवटी तेवढ्यानं साडेअठरा मीटर दक्षिणेला, त्या जागी थेट नदीच्या निसरड्या काठावर. तो शब्द काढून टाकला आहे. बदली शब्द अजून सापडायचा आहे.